पीएम किसान आणि नमो शेतकरी: दोन हजारांचा हप्ता कुठे अडतो आणि कसा सोडवायचा

वर्षाला १२,००० रुपये. सहा हजार केंद्राच्या पीएम किसान सन्मान निधीचे, सहा हजार राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे. दोन्हीकडे दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, दोन्हींचे पैसे थेट बँक खात्यात. तरीही प्रत्येक हप्त्यानंतर तालुका कृषी कार्यालयात ‘माझे का आले नाहीत’ विचारणाऱ्यांची रांग लागते. त्यातल्या अनेकांना आधीच कोणीतरी ‘केवायसी करून घ्या’ एवढेच सांगून परत पाठवलेले असते. केवायसी मात्र कधीच झालेली असते, अडचण दुसरीकडेच असते.

हप्ता चार ठिकाणी अडतो: जमिनीच्या नोंदीत, आधारच्या पडताळणीत, बँक खात्यात किंवा कार्यालयीन मंजुरीत. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा. सातबाऱ्याच्या नोंदीसाठी तलाठी, खात्यासाठी बँक, मंजुरीसाठी तालुका कृषी अधिकारी. आपला हप्ता यातल्या कुठे अडला हे घरबसल्या मोबाइलवर कळते. ते बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका, दिवसाची मजुरी बुडते.

आपण बसतो का

पीएम किसान डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, ती जून २०१९ पासून उठली. आता जमीन किती आहे याला महत्त्व नाही. ती लागवडीयोग्य हवी आणि स्वतःच्या नावावर हवी. बटईने किंवा खंडाने कसणाऱ्याला, तो वर्षभर राबत असला तरी, यात जागा नाही. वनहक्क पट्टा असलेला शेतकरी मात्र पात्र आहे.

कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले. दोघांच्या नावावर वेगवेगळे गट असले तरी हप्ता एकालाच. सज्ञान मुलाच्या नावावर जमीन असेल तर त्याचे कुटुंब वेगळे. सामाईक सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर चारही कुटुंबे स्वतंत्रपणे अर्ज करू शकतात.

बाद कोण? मागच्या कर निर्धारण वर्षात प्राप्तिकर भरलेला. सरकारी नोकरीत असलेला किंवा निवृत्त झालेला (शिपाई आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी सोडून). महिना १०,००० रुपये किंवा जास्त पेन्शन घेणारा, इथेही चतुर्थ श्रेणीला सूट आहे. व्यवसाय करणारे नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल. आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष. देवस्थान किंवा संस्थेच्या नावावरची जमीनही चालत नाही. हे निकष पूर्ण कुटुंबाला लागतात. पत्नी सरकारी शाळेत शिक्षिका असेल तर पतीचा अर्ज बसत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट लपवली जाते.

नव्याने अर्ज करणाऱ्यांचा खरा घोळ एका तारखेत आहे: १ फेब्रुवारी २०१९. या तारखेला जमीन नावावर असायला हवी. नंतर खरेदीखताने किंवा बक्षीसपत्राने जमीन आली असेल तर अर्ज अडतो. अपवाद एकच, खातेदाराच्या मृत्यूने वारसाहक्काने आलेली जमीन. म्हणून वारसाने अर्ज करताना दोन गोष्टी दाखवायच्या असतात: आपले नाव वारस म्हणून लागले, आणि ज्यांच्याकडून जमीन आली त्यांच्या नावावर ती फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून होती.

सातबारा आधी स्वच्छ करा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथून.

वडील वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा. पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात तलाठीच म्हणतात. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही अर्ज करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-वये-नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि वारसांचे आधार. मुलींची नावे वगळून अर्ज देऊ नका. तो कायद्याने चूक आहे, आणि पुढे हरकत आली की फेरफार वर्षानुवर्षे लटकतो. नोंद आधी वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क मध्ये जाते, मग फेरफार पडतो. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि शेवटी मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. २०२५ मध्ये राज्याने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. तरीही आपले नाव लागले असेलच असे गृहीत धरू नका, उतारा काढून बघा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो.

उतारा हातात आला की तीन जागा बारकाईने वाचा.

पहिली, नाव. सातबाऱ्यावर ‘रामा गणू’ आणि आधारवर ‘रामचंद्र गणपत’ असेल तर माणूस एकच असला तरी संगणकाला दोन दिसतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर हे घरोघरी आहे: वडिलांकडून आलेल्या जमिनीवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जुने हस्तलिखित उतारे आणि मूळ फेरफार जोडला तर ही दुरुस्ती सरळ होते. चूक आधारवर असेल तर आधारच दुरुस्त करा, ते लवकर होते.

दुसरी, नावापुढचे शेरे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या काळी थोरल्या भावाचे नाव असे लावून बाकीच्यांची सोडून दिली जात. त्यामुळे धाकट्या भावांची घरे आजही कागदावर भूमिहीन दिसतात. शेरा कमी करून सगळ्यांची नावे लावायला अर्ज द्यावा लागतो. नोंद नवी दिसली तरी हक्क वारसाने आलेला आहे हे दाखवणारा जुना फेरफार जपून ठेवा, पुढे तो मागतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा सज्ञान झाला की वयाचा पुरावा देऊन हा शेराही काढून घ्यावा.

तिसरी, क्षेत्र. सातबारा हेक्टर-आर मध्ये असतो, आपण बोलतो एकर-गुंठ्यांत. १ हेक्टर म्हणजे १०० आर. १ एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ०.४० हेक्टर. दोन एकरांचा शेतकरी अर्जात ‘२’ भरतो आणि त्याचे क्षेत्र कागदावर पाच एकर होते, पडताळणीत अर्ज परत येतो. उताऱ्यावर ०.८१.०० असेल तर ०.८१ भरा. पोटखराबा वेगळा दाखवलेला असतो, लागवडीयोग्य क्षेत्रच धरायचे. सामाईक गटात एकूण क्षेत्र नव्हे, आपल्या नावासमोरचे.

शेतकरी ओळख क्रमांक

महाराष्ट्रात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी अ‍ॅग्रिस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा, शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे. हा ११ अंकी क्रमांक असतो. पीएम किसानच्या नव्या नोंदणीलाही तो लागतो. सामाईक सुविधा केंद्रात किंवा स्वतः संकेतस्थळावर नोंदणी होते. आधार, आधारला जोडलेला चालू मोबाइल आणि सगळे गट क्रमांक जवळ ठेवा, शेवटी आधारच्या ओटीपीने ई-स्वाक्षरी होते.

‘सगळे गट’ यावर जोर आहे. शेजारच्या गावात वीस गुंठे असतील तर तेही जोडा. केंद्रचालक घाईत एकच गट जोडून क्रमांक काढून देतो. पीएम किसानला तेवढे पुरते, पण अतिवृष्टीची मदत येते तेव्हा सुटलेल्या गटाचे पैसे येत नाहीत. क्रमांक मिळाला म्हणजे नोंद मंजूर झाली असेही नाही, महसूल खात्याची मान्यता झाली का ते संकेतस्थळावर तपासा.

नोंदणी

पीएम किसानच्या संकेतस्थळावर ‘फार्मर्स कॉर्नर’मध्ये नव्या शेतकऱ्याची नोंदणी आहे. ग्रामीण निवडा, आधार क्रमांक, मोबाइल आणि राज्य भरा, ओटीपी द्या. पुढे जिल्हा, तालुका, गाव, मग जमिनीचा तपशील: गट क्रमांक, क्षेत्र, जमीन कधी आणि कशी मिळाली. या शेवटच्या प्रश्नावर हाताची घाई करू नका. वारसाने मिळाली असेल तर तोच पर्याय निवडा. तारीख फेरफार मंजुरीची, वडिलांच्या मृत्यूची नव्हे.

महाराष्ट्रात साधारणपणे ही कागदपत्रे मागतात: ताजा सातबारा आणि आठ-अ, वारसाचा फेरफार, २०१९ आधीचा फेरफार, पती-पत्नीचे आणि मुलांचे आधार, शिधापत्रिका. मोबाइलवर काढलेला तिरका, सावली पडलेला फोटो चढवू नका. तालुक्यातल्या माणसाला गट क्रमांक वाचता आला नाही तर तो अर्ज नाकारतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

अर्ज तालुका, जिल्हा, राज्य असा वर सरकतो. तालुक्याला नोंदणी तपासायचे काम कृषी खात्याकडे आणि जमिनीच्या नोंदीची खातरजमा महसूल खात्याकडे आहे. म्हणून अर्ज भरल्यावर छापील प्रत आणि कागद घेऊन आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) एकदा भेटून या. नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.

यात उशीर करू नका, कारण नियम असा: नाव ज्या चौमाहीत चढते तिथपासूनच हक्क सुरू होतो. वर्षाच्या तीन चौमाही आहेत: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. जुलैच्या शेवटी करायचा अर्ज ऑगस्टवर गेला की एक हप्ता गेला, नमोचा धरून चार हजार. उलट, नाव चढलेले असून कागदाच्या किंवा खात्याच्या दोषाने हप्ता अडला असेल तर दोष दूर झाल्यावर मागचा हप्ताही मिळतो.

ई-केवायसी

तीन मार्ग आहेत. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर संकेतस्थळावर ओटीपीने, फुकट आणि पाच मिनिटांत. मोबाइल जोडलेला नसेल तर सुविधा केंद्रात बोटाच्या ठशाने. आणि २०२३ पासून पीएम किसान अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा मातीत काम करून झिजलेल्या असतात, ठसा चार-चार वेळा फेल जातो. त्यांच्यासाठी चेहऱ्याचा मार्गच खरा उपयोगाचा. त्याला आधारचे फेस आरडी अ‍ॅप सोबत टाकावे लागते. चेहऱ्यावर समोरून उजेड हवा, मागून नको. एका फोनवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही केवायसी करता येते, गावातल्या एखाद्या पोराने मनावर घेतले तर आळीचे काम एका संध्याकाळी होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. ती टाकली की फोनचा ताबा जातो आणि खाते रिकामे होते. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. केवायसीसाठी फोन करून ओटीपी मागणारा माणूस चोर आहे, दुसरी शक्यता नाही.

बँक: ‘लिंक आहे’ म्हणजे काय

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. अर्जात तुम्ही खाते क्रमांक कोणताही दिलेला असो, पैसे आधार क्रमांकाच्या पत्त्यावर जातात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेकडे पाठवायचे याची नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) असते आणि एका आधारसमोर एकच बँक असते, शेवटी जोडलेली.

यातून दोन गोष्टी निघतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, बँकेने ती खात्याला लावली, तेवढ्याने भागत नाही. ती झाली ओळख. थेट लाभासाठी (डीबीटी) खाते एनपीसीआयच्या नोंदीत जायला हवे, त्याला आधार सीडिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळ्या संमतीचा अर्ज भरावा लागतो. काउंटरवर ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करा’ म्हणा. शब्द बदलला की काम बदलते.

दुसरी गोष्ट, ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या अनेकांचे पैसे आलेले असतात, दुसऱ्याच खात्यात. मधल्या काळात कोणीतरी पेमेंट बँकेचे खाते उघडून दिलेले असते, किंवा शिष्यवृत्तीसाठी, गॅसच्या अनुदानासाठी नवे खाते काढलेले असते, आणि आधार तिकडे वळलेले असते. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने शिरून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचे नाव, आधार जोडल्याची तारीख आणि ते चालू आहे की बंद, एवढे दिसते. खाते क्रमांक दिसत नाही, पण बँक कळली की काम झाले.

सीडिंग योग्य असूनही पैसे परत जाण्याची कारणे ठरावीक. दोन वर्षे खातेदाराने काही व्यवहार केला नाही म्हणून खाते निष्क्रिय झालेले. बँकेतली केवायसी थकलेली, ही पीएम किसानच्या केवायसीहून वेगळी आणि बँकेतच करायची असते. आणि पूर्ण केवायसी न करता उघडलेले जनधनचे छोटे खाते: त्यात वर्षात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. सोयाबीन-कापसाचे पैसे त्याच खात्यात आले की मर्यादा भरते आणि मागून आलेला हप्ता परत फिरू शकतो. पूर्ण केवायसी देऊन खाते नियमित करून घ्या, मर्यादा उठते.

पीक कर्जाचे खाते या कामाला वापरू नका. साधे बचत खाते ठेवा. बँक लांब असेल तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडून त्याला आधार सीड करता येते, दारात होते.

स्थिती कशी वाचायची

संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’मध्ये नोंदणी क्रमांक आणि ओटीपी द्या. क्रमांक हरवला असेल तर मोबाइल किंवा आधार देऊन तो तिथेच शोधता येतो. पानावर पात्रतेच्या तीन ओळी दिसतात.

‘लँड सीडिंग’समोर नो असेल तर जमिनीची नोंद जुळलेली नाही. सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा, बँकेत जाऊन उपयोग नाही. ‘ई-केवायसी’समोर नो असेल तर वर सांगितलेला कोणताही मार्ग वापरा. ‘आधार बँक अकाउंट सीडिंग’समोर नो असेल तर बँक. दुरुस्ती केल्यावर त्याच दिवशी बदल दिसला नाही म्हणून घाबरू नका, थोडे दिवस जाऊ द्या.

तिन्ही यस असतील तर खाली हप्त्याची ओळ बघा. ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ म्हणजे राज्याने तुमच्या नावाची मागणी केंद्राकडे केली. ‘एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’ म्हणजे पैसे पाठवायचा आदेश निघाला, बँकेकडून पोच बाकी आहे. यावेळी काहीही बदलायला जाऊ नका. खाते बदलण्याच्या नादात हप्ता मधेच लटकतो.

त्याच संकेतस्थळावर गावनिहाय लाभार्थ्यांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडले की नावे येतात. आपले नाव कसे लिहिले गेले आहे आणि घरातल्या दोघांची नावे चुकून चढली आहेत का, हे तिथे एका नजरेत कळते.

नमो शेतकरीसाठी वेगळा अर्ज नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली, पहिला हप्ता त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला शिर्डीतून सुटला. लाभार्थी पीएम किसानच्याच यादीतून घेतले जातात, पण दोन्हींचे पैसे एकाच दिवशी येतीलच असे नाही. पीएम किसान आला आणि नमो अडला असेल तर नमोच्या स्वतंत्र संकेतस्थळावर स्थिती बघा. बहुतेकदा दोन हप्त्यांच्या मधे आधार दुसऱ्या बँकेकडे वळलेले असते.

चालू हप्ता अचानक थांबला तर

२०२५ मध्ये केंद्राने संशयित नावे बाजूला काढून त्यांचे हप्ते पडताळणीपर्यंत रोखले. त्यात दोन गट मोठे: पती-पत्नी दोघेही लाभ घेणारे, आणि फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेले. तुम्ही खरोखर वारस असाल तर घाबरायचे कारण नाही. वारस फेरफार आणि मृत्यूचा दाखला घेऊन तालुका कृषी कार्यालयात पडताळणी करून घ्या, हप्ता पुन्हा सुरू होतो. पती-पत्नी दोघे घेत असाल तर एकाने लाभ सोडावा. संकेतस्थळावर स्वेच्छेने लाभ सोडण्याचा पर्याय आहे, आणि घेतलेली रक्कम परत भरण्याचाही. अपात्र माणसाकडून वसुली होते, नोटिसा तहसीलमधून येतात.

मयत लाभार्थ्याचे खाते चालू ठेवून हप्ते उचलणे हा घरोघरी घडणारा आणि महागात पडणारा प्रकार. मृत्यूनंतर आलेला हप्ता वसुलीत जातो आणि वारसाची नोंदणी त्यात अडकते. आधी मृत्यूची नोंद कळवा, मग आपला अर्ज करा.

तक्रारीसाठी हेल्पलाइन १५५२६१. फोनवर नोंदणी क्रमांक विचारतात. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगून आलेल्या कामाचा पाठपुरावा करता येत नाही.

हेच खाते महाडीबीटीलाही लागणार

ठिबक, अवजारे, फळबाग यांचे अनुदान महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरून मिळते, आणि तेही याच आधार सीडिंगवर चालते. आता तिथे सोडत राहिली नाही, जो आधी अर्ज करेल त्याला आधी. ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकांसाठी ५५ टक्के आणि इतरांसाठी ४५ टक्के मूळ अनुदान आहे, राज्याच्या पूरक अनुदानाने ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते.

इथे एकच चूक पैसे घालवते: पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी. दुकानदार म्हणतो, ‘घेऊन जा, बिल नंतरच्या तारखेचे देतो.’ ऐकू नका. निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, मग खरेदी, बिल चढवणे, मोका तपासणी (शेतात येऊन पाहणी) आणि शेवटी अनुदान, हा क्रम मोडला की प्रस्ताव रद्द होतो. बिल अर्जदाराच्याच नावाचे, जीएसटीचे हवे आणि पैसे त्याच्याच खात्यातून गेलेले हवेत. मुलाच्या फोनवरून मुलाच्या खात्यातून पैसे दिले आणि अर्ज वडिलांच्या नावाचा, म्हणून अडलेले प्रस्ताव कमी नाहीत. मोका तपासणीला सहायक कृषी अधिकारी येतात तेव्हा संच शेतात जोडलेला हवा, गोठ्यात बांधून ठेवलेला नव्हे.